दाढीच्या तेलाची बाटली

पनवेल हे गाव कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक घरांनी आधी वाचलं आणि मग पाहिलं. औषधांच्या कपाटात एखादी बाटली असायची, तिच्या लेबलावर बारीक अक्षरांत 'पनवेल' लिहिलेलं असायचं. श्री धूतपापेश्वर या नावाचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे १८७२ साली उभा राहिला, पुराणिक घराण्यातल्या वैद्यांच्या हातून. राजापूरजवळच्या धोपेश्वर गावात धूतपापेश्वर महादेवाचं देऊळ आहे, त्याचं हे नाव. पाप धुऊन टाकणारा ईश्वर. पापाचं माहीत नाही, पण पोट, खोकला आणि सांधे या तीन आघाड्यांवर पनवेलने मराठी घरांची बरीच सेवा केली.

हे सगळं आठवायला निमित्त झालं भाच्याच्या न्हाणीघरातल्या फळीचं. नवीन पनवेलला राहतो, वय तेवीस. त्याच्या फळीवर मी मोजून पाच वस्तू पाहिल्या: दाढीचं तेल, दाढीचा शाम्पू, मिशीचं मेण, कोळशाचा काळा फेसवॉश आणि एक 'आफ्टरशेव बाम'. दाढी ठेवलेल्या माणसाला आफ्टरशेव कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "मामा, मान आणि गाल करावे लागतात ना." प्रत्येक डब्यावर काळा किंवा गडद हिरवा रंग, एक पान, आणि 'नैसर्गिक' हा शब्द. मी बाटली उलटी केली. पुढच्या बाजूची अक्षरं तीन हातांवरून वाचता येत होती, मागची वाचायला चष्मा काढून बाटली नाकाशी न्यावी लागली.

मागच्या बाजूने सुरुवात करू, कारण खरी माहिती तिथे असते. लेबलावरचे घटक सामान्यतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. जे सर्वांत जास्त ते पहिलं. दाढीच्या तेलात पहिली दोन-तीन नावं बहुधा साध्या तेलांची असतात: बदाम, तीळ, खोबरेल, द्राक्षाच्या बियांचं तेल, एरंडेल. कधी मोरोक्कोहून येणारं आर्गन, कधी होहोबा. होहोबा रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेल नाहीच, ते द्रवरूप मेण आहे. आपल्या त्वचेतून जो तेलकटपणा सुटतो त्यातही अशा मेणांचा मोठा वाटा असतो, म्हणून ते चेहऱ्यावर चिकट न वाटता मुरल्यासारखं वाटतं. यादीच्या शेवटी सुगंधी तेलं, एक-दोन थेंबांच्या हिशेबात. जाहिरातीतलं चंदन किंवा देवदार बहुतेकदा या शेपटाकडच्या भागात राहतं.

हे तेल काम करतं का? करतं, पण जेवढं ते करू शकतं तेवढंच. दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि राठ. केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी जेवढं तेल सोडतात ते लहान खुंटांना पुरतं. दाढी बोटभर वाढली की टोकापर्यंत पोचत नाही. मग खालची कातडी कोरडी पडते, खाज सुटते, कोंडा दिसतो. वरून दोन थेंब तेल चोळलं की हा त्रास कमी होतो. मात्र जिथे केस उगवतच नाहीत तिथे तेलाने ते उगवत नाहीत. दाढी येणं हा पुरुषी संप्रेरकांचा आणि अनुवंशाचा मामला. ती दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते, मग तुम्ही तिला आर्गन पाजा नाहीतर करडईचं तेल. काही तरुण गालावर मिनॉक्सिडिल लावतात, पण ते औषध आहे आणि त्याचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाकडे सोपवावा. बाटलीवर 'ग्रोथ' हा शब्द ठळक छापलेला असेल तर तो दाढीच्या वाढीबद्दल आहे की कंपनीच्या, हे एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

आता हेच तेल जुन्या पद्धतीने कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. आयुर्वेदात औषधी तेल सिद्ध करण्याचा ठरलेला हिशेब आहे: वनस्पतींचा वाटलेला गोळा, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार भाग, आणि काढा, स्वरस, दूध असा द्रव सोळा भाग. हे सगळं एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं आणि पाणी पूर्ण उडेपर्यंत ढवळत राहायचं. घाई केली तर कल्क करपतो आणि तेलही बिघडतं. तेल झालं हे कसं ओळखायचं? थोडा कल्क बोटांत घेऊन त्याची वात वळते का पाहायची. ती वात विस्तवात टाकायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. आणि तेलावर फेस येऊ लागला की उतरवायचं. गंमत म्हणजे तुपाचं नेमकं उलट, तिथे फेस बसला की तूप झालं. पाकाच्याही पायऱ्या आहेत: मृदू पाक नाकात घालायच्या तेलाला, मध्यम पोटात घ्यायला, आणि खर, म्हणजे जास्त कडक झालेला, अंगाला चोळायला. तापमापक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, तरी पाण्याचा अंश उरला आहे की नाही हे तपासायची रीत होती, कारण पाणी राहिलं तर तेल टिकत नाही हे वैद्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

आजचं दाढीचं तेल बहुधा असं शिजत नाही. तयार तेलं पिंपातून घ्यायची, ठरलेल्या प्रमाणात मिसळायची, सुगंध घालायचा, गाळायचं, भरायचं. सिद्ध तेलापेक्षा हे काम कितीतरी झटपट होतं. त्यात फसवणूक काही नाही. मिश्रण चांगलं असेल तर वापरणाऱ्याचं काम होतं. पण या धंद्याची वाढ समजायची तर हा फरक डोळ्यांसमोर ठेवायला हवा. तेल सिद्ध करायला कढया, भट्ट्या, माणसं आणि हातखंडा लागतो. मिसळायला कुणाचीही मिसळणी चालते. म्हणून पुरुषांसाठीच्या नव्या ब्रँडांपैकी अनेकांनी सुरुवातीला स्वतःचा कारखाना काढलाच नाही. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात माल करून घ्यायचा, त्यावर आपलं नाव लावायचं. कायद्यातही त्याची सोय आहे. दुसऱ्याच्या यंत्रांवर स्वतःच्या नावाने उत्पादन करायचा 'लोन लायसन्स' मिळतं. म्हणूनच लेबलावर दोन पत्ते दिसतात: 'निर्माता' एका गावचा, 'विक्रेता' दुसऱ्या शहरातला. माल हिमाचलच्या बद्दीत होतो, नाहीतर गुजरातेत, नाहीतर आपल्याच एखाद्या एमआयडीसीत. ब्रँडचं ऑफिस मात्र काचेच्या इमारतीत.

मग ब्रँड नेमकं काय बनवतो? माझ्या मते तो परवानगी बनवतो.

भारतीय पुरुषाला तेल, उटणं, माती, चंदन यांचं वावडं कधीच नव्हतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात केस, दाढी आणि नखं पंधरवड्यातून तीनदा कापावीत असं सांगितलं आहे, म्हणजे दाढीचं वेळापत्रक जुनंच. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून घेताना बापई-बाई असा भेद नसतो. सलूनवाल्या काकांच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी तुरटीचा खडा असायचा. दाढी झाली की ओला करून गालावर फिरवायचे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा क्षार. ती त्वचा आवळते, बारीक कापलं असेल तर रक्त थांबवते. आज ज्याला आफ्टरशेव म्हणतात ते काम चार आण्याच्या खड्यात होत होतं. अडचण एवढीच, की हे सगळं शरीराची निगा म्हणून चालायचं. चेहरा छान दिसावा म्हणून काही लावणं हे पुरुषाने कबूल करायचं नसे. बहिणीच्या क्रीमच्या डबीत बोट बुडवायचं आणि झाकण गुपचूप लावून ठेवायचं, हा आमच्या पिढीचा रिवाज. इमामी कंपनीने २००५ साली 'फेअर अँड हँडसम' आणलं ते याच गुपितावर बोट ठेवून: बायकांचं क्रीम पुरुष लपून वापरतात, तर त्यांना त्यांची ट्यूब द्या. गोरेपणाचा सोस विकला याबद्दल त्या क्रीमवर जी टीका झाली ती योग्यच होती, आणि २०२५ मध्ये कंपनीने नावातलं 'फेअर' काढून 'स्मार्ट' केलं. पण धंद्याचा धडा पक्का होता. वस्तू तीच, लाज काढून टाकली की बाजार उघडतो.

मुंबईने हा धडा त्याआधीही गिरवला होता. आर्देशिर गोदरेजांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा अंगाचा साबण काढला. त्या काळी विलायती साबणात चरबी असे, आणि कित्येक घरांत तो चालत नसे. 'चरबी नाही' हे त्यांचं सांगणं म्हणजे आजच्या 'नैसर्गिक'चं आजोबाच, फक्त त्यामागे धर्म आणि स्वदेशी उभी होती. पुढे १९५२ साली आलेला सिंथॉल विनोद खन्नांच्या जाहिरातींनी पुरुषाचा साबण झाला. साबणाच्या वडीला लिंग नसतं. ते जाहिरातीतल्या घोड्यावरून येतं.

त्याच १९५२ साली परळमध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केली. दंतमंजन दारोदार विकत ही कंपनी वाढली, आणि १९७५ मध्ये विको टर्मरिक क्रीम आलं. इथे कथेत सरकार शिरतं. हळदीचं क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध? सौंदर्यप्रसाधन असेल तर अबकारी कर जड, औषध असेल तर हलका. हा वाद दोन दशकांहून जास्त चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि क्रीम औषध ठरलं. विनोदी वाटेल, पण भारतातल्या 'नैसर्गिक' वस्तूंच्या इतिहासाचं हे सर्वांत महत्त्वाचं भांडण आहे, कारण डबीवरच्या शब्दाला पैशात किंमत असते हे त्यात लख्ख दिसलं. आता तो फरक बराच पुसला गेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, शाम्पू, साबण, दाढीचं क्रीम यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि औषधांवरचा १२ वरून ५ वर. दाढीच्या क्रीमला औषध म्हणवून घेण्यात आता करापुरता तरी फायदा उरला नाही.

'आयुर्वेदिक' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द दुकानात एकाच फळीवर बसतात, पण कायद्याच्या नजरेत ते चुलतभाऊसुद्धा नाहीत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ साली आयुर्वेदासाठी स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. कुठले ग्रंथ प्रमाण मानायचे याची यादीच कायद्याच्या परिशिष्टात आहे: चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर वगैरे. 'आयुर्वेदिक' लिहायचं तर त्या ग्रंथांतलं पाठ्य औषध तरी हवं, नाहीतर घटक तरी त्यांतले हवेत, आणि वेगळा परवाना हवा. 'नैसर्गिक' लिहायला असं काहीच लागत नाही. सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे स्वतंत्र नियम आहेत, पण अमुक टक्के वनस्पतीजन्य असेल तरच 'नैसर्गिक' म्हणा अशी रेघ त्यांनी आखलेली नाही. म्हणून पान छापणं स्वस्त पडतं.

आणि पान छापलेल्या फेसवॉशमध्ये पान कितपत असतं? फेसवॉश बहुतांशी पाणी. मग फेस आणणारा घटक, जो बऱ्याचदा खोबरेल किंवा पाम तेलापासूनच तयार केलेला असतो. म्हणजे 'नारळापासून' हे खोटं नाही, फक्त नारळापासून तिथपर्यंतच्या प्रवासात दोन-चार रासायनिक प्रक्रिया आहेत. पाणी आलं की बुरशी-जिवाणू आले, म्हणून परिरक्षक घालावाच लागतो. 'पॅराबेनमुक्त' बाटलीत बहुधा दुसरा परिरक्षक असतो, आणि तो असावाच. नसता तर महिनाभराने बाटलीतून वेगळाच वास आला असता. निव्वळ तेलाच्या बाटलीत पाणी नसल्याने ही गरज फारशी पडत नाही. 'रसायनमुक्त' या शब्दावर तर पाणीही हसेल. कोळशाबद्दल म्हणाल तर सक्रिय कोळसा स्वतःच्या पृष्ठभागावर बरेच पदार्थ धरून ठेवतो हे खरं, पाणी गाळायला तो वापरतात ते त्यामुळेच. पण अर्धं मिनिट फेस करून धुऊन टाकलेल्या फेसवॉशात तो चेहऱ्यावर काही विशेष करत असेल याला म्हणावा तसा पुरावा नाही. तो काळा दिसतो, आणि काळा रंग पुरुषी वाटतो, हे त्याचं मुख्य काम.

तरीही भाच्याची बाजू मांडायला हवी. साबणाची साधी वडी अल्कधर्मी असते, तिचा पीएच नऊ-दहाच्या आसपास. त्वचेचा मात्र पाचाच्या जवळपास, किंचित आम्लधर्मी. तेलकट, मुरुमांच्या वयातल्या चेहऱ्याला सौम्य पीएचचा फेसवॉश वडीपेक्षा खरोखर बरा. वडिलांच्या पिढीने लाल साबणाने डोक्यापासून पायापर्यंत घासलं आणि त्याला मर्दानगी म्हटलं. तेव्हा नव्या ब्रँडांनी मुलांना तोंड नीट धुवायला शिकवलं असेल, तर ते श्रेय त्यांना द्यावं लागेल. उलट 'नैसर्गिक म्हणजे सौम्य' हे गृहीत धोक्याचं आहे. टी ट्री सारखी सुगंधी तेलं हवेत उघडी राहून जुनी झाली की त्यांची ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. अंगावर फोड आणणारा बिब्बाही काही कारखान्यात होत नाही.

दाढीची लाट आपल्याकडे आली त्याला सिनेमा आणि क्रिकेट कारण झालेच; कोहलीची दाढी आणि २०१८ मधला 'केजीएफ' सलूनच्या आरशावर चिकटवलेल्या फोटोंत दिसायचे. पण महाराष्ट्रात या दाढीला स्वतःचं मूळ होतं. श्रावणात दाढी वाढवणारे पुरुष प्रत्येक कचेरीत असतात, ते फॅशन करत नसतात. आणि शिवजयंतीच्या आसपास कोरलेली टोकदार दाढी, वर वळलेली मिशी आणि कपाळावर चंद्रकोर असलेली मुलं गावोगाव दिसतात. त्या कोरीवकामाला मेण लागतं, कंगवा लागतो, तेल लागतं. ब्रँडला जाहिरातीत दाढी विकावी लागली नाही, ती आधीच उगवलेली होती. सोमवारी सलून बंद असतं तेव्हा घरी काय करायचं, एवढंच त्याने सांगायचं होतं.

वेळही साधली गेली. द मॅन कंपनी, उस्तरा, बिअर्डो, बॉम्बे शेव्हिंग कंपनी हे सगळे २०१५-१६ च्या सुमाराचे. (शेवटच्या नावावरून फसू नका, तिचा मुक्काम दिल्लीकडे आहे, मुंबईचं नाव मात्र दाढीला शोभून दिसतं हे त्यांनी ओळखलं.) सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि तालुक्याच्या गावातला मुलगा फोनवर दाढीचे व्हिडिओ पाहू लागला. माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय होती. दुकानात जाऊन 'दाढीचं तेल द्या' म्हणायची लाज उरली नाही. पुडकं दारात येतं, आत काय आहे ते शेजाऱ्याला कळत नाही. पुन्हा तेच, परवानगी.

पण ऑनलाइन वाढीला एक कडा असतो. गिऱ्हाईक प्रत्येक वेळी जाहिरात दाखवून विकत आणावं लागतं, आणि जसे ब्रँड वाढतात तसा त्याच गिऱ्हाइकाचा लिलाव महाग होतो. समजा, पाचशे रुपयांची बाटली विकायला दोनशे रुपये जाहिरातीला गेले. तर माल आणि पोचवण्याचा खर्च धरता पहिल्या बाटलीत कमाई होत नाही, ती दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीत होते. आणि तेलाची बाटली चार-सहा महिने पुरते. दोन थेंबांचा धंदा हा! म्हणून सगळे तेलावरून सरकून फेसवॉशकडे आले, जो रोज लागतो आणि महिन्या-दोन महिन्यांत संपतो. पुढचा टप्पा किराणा दुकान, आणि तिथे लाखो दुकानांत माल पोचवणारी यंत्रणा लागते. ती जुन्या कंपन्यांकडे असते. म्हणून नव्यांची गोष्ट जुन्यांच्या घरात जाऊन संपते. पॅराशूटवाल्या मॅरिकोने अहमदाबादच्या बिअर्डोत २०१७ साली ४५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० पर्यंत कंपनी पूर्ण आपली केली. इमामीने द मॅन कंपनी घेतली, व्हीएलसीसीने उस्तरा. गोदरेजने २०२३ मध्ये रेमंडकडून पार्क अव्हेन्यू वगैरे ब्रँड २,८२५ कोटींना आणि २०२५ मध्ये पुरुषांच्या फेसवॉशचा मूचस्टॅक हा ब्रँड सुमारे ४५० कोटींना घेतला. चरबी नसलेला साबण विकणारं घर शंभर वर्षांनी मिशीच्या नावाचा फेसवॉश विकत घेतं, याची मला फार मौज वाटते.

या सगळ्यात पनवेल कुठे? मोक्याच्या जागी. मुंबई, पुणे आणि गोव्याचे रस्ते इथे फुटतात, तळोज्याची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, न्हावाशेवा बंदर जवळ आणि आता विमानतळही. पण मला जास्त ओढ गोवा रस्त्याची. कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका मागे टाकला की पुढे तारा गाव लागतं. तिथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे, १९६१ पासूनचं. स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख यांनी वयाची शंभरी पार होईपर्यंत तिथलं काम जपलं. २ ऑक्टोबर २०२५ ला ते गेले. तिथे ग्रामोद्योग म्हणून घाणी चालवली, साबण केले, मडकी घडवली. साबणाची रीत सोपी: तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. मोठे कारखाने ग्लिसरीन काढून वेगळं विकतात, हाताने केलेल्या साबणात ते राहून जातं आणि म्हणून तो त्वचेला मऊ लागतो. इथेही निसर्गाच्या जोडीला कॉस्टिक आहेच. पण तेल कुठलं, माणूस कोण, हे विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता आहे.

गेल्या पावसाळ्यात हाताने केलेल्या साबणाच्या दोन वड्या मी घरी आणल्या, एक भाच्याला दिली. साध्या कागदात गुंडाळलेली, कडा जरा वाकडी, कडुनिंबाचा उग्र वास. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, कागदावर काही सापडतंय का शोधलं आणि विचारलं, "मामा, हा जेन्ट्सचा आहे ना?"